तीस अंशांच्या खाली

वफ्रात मिरचीला शिवण्याआधी
आम्ही हात दुधात बुडवतो.
पावडरीचं, बिनसायीचं, निळ्या बादलीत कालवलेलं.
फोनवर सांगितलं तर बायको म्हणाली,
चैन आहे बाई मिरच्यांची.

तंबाखूचा विषाणू बोटांवरून चालत येतो.
शफीकुलला विडी सोडून दोन हिवाळे झाले
तरी नखं घासत बसतो,
कुणी जुनी उधारी काढेल म्हणून.

डॉक्टर नशवांनी पान उजेडाकडे धरलं.
मोहरीएवढे तपकिरी ठिपके.
मी म्हटलं, रोग.
त्या म्हणाल्या, बंदोबस्त.
तो शिरला तिथल्या पेशींनी
स्वतःला मारून घेतलं, शेजारणींसकट.
त्याचा स्वतःचा संसार नसतो,
दुसऱ्याच्या चुलीवर त्याचं शिजतं.
म्हणून चूलच विझवली
आणि तो आत.

मी मोजले. एका पानावर अकरा.

मग त्यांनी आम्लाचं नाव सांगितलं, सॅलिसिलिक,
आणि मला हसू आलं.
टाचेच्या कुरुपावर मी लावतो त्या पट्टीत तेच.
ठिपक्याभोवती ते साचतं,
लांबची पानंही त्यानंतर कंबर कसतात.
थोडं रूप पालटून हवेत सुटतं,
शेजारचं रोप ते हुंगतं,
हुंगलेल्याचं पुन्हा आम्ल करतं
आणि न आलेल्या दुखण्यासाठी जागं राहतं.

वास कसला, मी विचारलं.
त्यांच्या अरबीत होता, माझ्या अरबीत नव्हता.
रात्री कॅम्पात टेकबहादूरने
गुडघ्याला बाम चोळला
आणि उत्तर वरच्या बंकवर आलं.

आमच्या खोलीत त्या वासावर कुणी बोलत नाही.
फक्त सकाळी खताची गोणी
टेकबहादूरच्या आधी कुणीतरी उचललेली असते.

एप्रिल संपताना, गुरुवारी रात्री
कूलरची मोटर जळाली.
फहाहीलचा मेकॅनिक म्हणाला, रविवारी.
आम्ही प्लास्टिकच्या बाजू वर गुंडाळल्या,
पाइपाने वाटा भिजवल्या,
टेकबहादूरने तर पुठ्ठ्याने वारा घातला, तेराव्या ओळीला, एकटाच.
दुपारी काटा अडतीसवर.

या वाणाला तीसच्या पुढे ओळख पटत नाही,
नशवा फोनवर सांगत होत्या.
पहारेकरी असतो, काठी असते,
समोरचा चेहराच आठवत नाही.

ठिपके पडलेच नाहीत.
सोमवारी पानं सलग हिरवी, लुसलुशीत,
मालकाचा मुलगा फोटो काढून गेला.
मी मात्र ओळींमधून फिरत
एक तरी डाग शोधत होतो,
एक मेलेली जागा, मोहरीएवढी.

नवव्या दिवशी शेंड्याची पानं उगवली
ती फिकट-गडद, नकाशासारखी.
सगळीकडे पोचला होता तो.
अकराव्या ओळीपासून सतराव्यापर्यंत उपटायचं ठरलं.

मुळं सहज येत होती वर.
काळ्या पिशव्यांची तोंडं आम्ही सुतळीने बांधली,
ट्रकमध्ये एकावर एक रचली.
सीमेकडे तेलविहिरींच्या ज्वाळा
रोजच्यासारख्या, कुणाचं काही न जाळता जळत.

बादलीतलं दूध नासलं होतं.
सवयीने आम्ही त्यातही हात बुडवले,
उपटायला कसले धुतलेले हात लागतात, हे
कुणीच म्हणालं नाही.
कोणाच्या बोटांवरून आला हेही नाही.
शफीकुल मात्र त्या दिवशी जेवला नाही.

रात्री मी टेकबहादूरकडे बाम मागितला.
कुठे दुखतं, त्याने विचारलं नाही,
डबी वर फेकली.
झाकण घट्ट होतं, दातांनी उघडलं.
दिवा गेला.
थोड्या वेळाने खालून शफीकुलचा आवाज,
इकडेही दे जरा.